कमी खर्चातला ड्रिल प्रेस निवडताना: काय पारखायचं आणि काय सोडून द्यायचं

स्वस्तातला ड्रिल प्रेस (खांबावर बसवलेलं, सरळ खाली भोक पाडणारं मशीन) घ्यायचा तर त्यात काहीतरी उणं असणार, हे आधीच धरून चालावं. प्रश्न एवढाच, की ते उणं घरी भरून काढता येतं का. टेबल लहान आहे? वर प्लाय टाकता येतो. बेल्ट थरथरतो? बदलता येतो. चक (बिट पकडणारा जबड्यांचा भाग) वाकडा फिरतो? नवा बसवता येतो. पण क्विल डगमगत असेल, स्पिंडलच वाकडा असेल, दाब दिल्यावर खांब मागे झुकत असेल किंवा सगळ्यात कमी वेगच हजाराच्या वर असेल, तर घरच्या घरी इलाज नाही. पारख करायची ती या चार गोष्टींची. बाकी यादी घरी आणल्यावर एका सुट्टीच्या दिवशी निस्तरता येते.

(क्विल म्हणजे हँडल ओढलं की चकसकट खाली येणारी जाड नळी. तिच्या आत, बेअरिंगवर, स्पिंडल फिरतो.)

आधी स्वतःची भोकं मोजा

मशीन बघायला जाण्याआधी कागदावर तीन आकडे लिहा. वर्षभरात खरोखर पाडाल असं सगळ्यात मोठं भोक किती व्यासाचं? सगळ्यात खोल किती? आणि फळीच्या कडेपासून सगळ्यात आत किती अंतरावर?

हौशी कामात पहिला आकडा बहुधा ३५ मिमी येतो, कारण कपाटाच्या दाराच्या कप बिजागरीला तेवढंच भोक लागतं, तेही फक्त १२-१३ मिमी खोल. दुसरा आकडा टेबल-खुर्चीच्या पायातून आरपार जाणाऱ्या बोल्टचा असतो, म्हणजे ४५ ते ७० मिमी. तिसरा क्वचितच १२५ च्या पुढे जातो. हे आकडे हातात असले की "जितकं मोठं तितकं चांगलं" या मोहातून सुटका होते.

पोच आणि स्ट्रोक

ड्रिल प्रेसचा आकार सांगताना खांबापासून चकच्या मध्यापर्यंतच्या अंतराची दुप्पट सांगतात. २०० मिमीचं, म्हणजे आठ इंची मशीन असेल, तर खांबापासून चकच्या मध्यापर्यंत १०० मिमीच असतात. थोडक्यात, त्यावर २०० मिमी रुंद फळीच्या बरोब्बर मध्यावर भोक पडेल, २५० मिमीच्या फळीत नाही. मापाच्या घोळात पहिल्यांदा घेणारे हमखास अडकतात. २५० मिमीच्या मशीनला १२५ मिमी पोच मिळते आणि घरच्या बहुतेक कामाला ती पुरते.

स्ट्रोक म्हणजे क्विल एका दमात किती खाली येते ते. लहान मशीनला तो ५० मिमी असतो, जरा मोठ्याला ६० ते ८०. पन्नासच्या स्ट्रोकवर ६५ मिमीचा पाय आरपार करायचा तर अर्ध्यात थांबून, कामाखाली २० मिमीची फळी सरकवून पुन्हा सुरू करावं लागतं. जमतं, पण त्या उचलाउचलीत भोकाची रेघ हलते. पाय आणि चौकटी बनवणार असाल तर ८० मिमीच्या स्ट्रोकसाठी थोडे जास्त मोजलेले वाया जात नाहीत. पेट्या, खेळणी आणि फ्रेमपुरतंच काम असेल तर ५० चालून जातं.

चक आणि टेबलामधलं अंतर माहितीपत्रकात भरघोस दिसतं. त्यातून बिट वजा करा. अंतर २०० मिमी आहे असं धरा. फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं रुंद भोक पाडणारं) चकच्या बाहेर ६५ मिमी लोंबतं आणि टेबलावर १८ मिमीचा प्लाय टाकलेला आहे. कामासाठी उरले ११७. जमिनीवर उभं राहणारं मशीन इथे जिंकतं खरं, पण त्याचा खांब तेवढा लांब असतो; वरचं डोकं बहुतेक वेळा तेच. हौशी कामात ती जादा उंची फार क्वचित लागते आणि जागा मात्र कायमची अडते. बाकावर ठेवायचं मशीन घ्यावं.

वेग: सगळ्यात कमी किती, एवढंच विचारा

पेटीवर "५ वेग" किंवा "१२ वेग" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. वेग किती आहेत याला फार अर्थ नाही. खालचा वेग किती, हे महत्त्वाचं.

कारण सोपं आहे. मिनिटाला ६२० फेऱ्यांवर फिरणाऱ्या ५० मिमी बिटाची बाहेरची धार मिनिटाला साधारण ९७ मीटर जाते. १० मिमीचं बिट ३००० फेऱ्यांवर फिरवलं तर त्याची धार ९४ मीटर जाते. म्हणजे ज्या वेगाला आपण मशीनचा "सगळ्यात मंद" वेग म्हणतो, तिथे मोठं बिट लहान बिटाच्या सगळ्यात जलद वेगाइतकंच घासत असतं. लाकूड काळं पडतं, धूर येतो, धार उतरते आणि मग बोथट बिट आणखी जाळतं.

लाकडासाठी हे वेग धरून चाला. मऊ लाकडाला वरचा आकडा, कठीण लाकडाला खालचा:

- ६ मिमी ब्रॅड पॉइंट बिट (मध्यभागी अणकुचीदार टोक असलेलं): २००० ते २५००
- १० मिमी ब्रॅड पॉइंट बिट: १५०० ते १८००
- २५ मिमी फोर्स्टनर: ८०० ते १०००
- ३५ मिमी बिजागरीचं बिट: ६०० ते ७५०
- ५० मिमी फोर्स्टनर: ४०० ते ५००
- ६० मिमीच्या आसपासचा होल सॉ (कडेला करवतीचे दाते असलेली पोकळ वाटी): ३०० ते ४००

दोन पुलींच्या मशीनचा खालचा वेग साधारण ५०० ते ७०० च्या दरम्यान अडकतो. मध्ये तिसरी पुली आणि दोन बेल्ट असले की तो ३०० पर्यंत उतरतो. ३५ मिमीच्या पुढे नियमित जाणार असाल तर तीन पुलींचं मशीन घ्या. वरच्या टोकाला मात्र २५०० पुरे. लाकडात ३००० लागतंच असं काम फार थोडं.

आणखी एक बारीक गोष्ट. काही मशीनांच्या झाकणाआतला वेगाचा तक्ता ६० हर्ट्झच्या विजेसाठी छापलेला असतो. ५० हर्ट्झवर इंडक्शन मोटर (कार्बन ब्रश नसलेली) सुमारे १७ टक्के हळू फिरते, म्हणजे तक्त्यातले ६२० प्रत्यक्षात ५१५ च्या जवळ पडतात. लाकूडकामाला हा तोटा नव्हे, फायदाच.

बटण फिरवून वेग बदलणारी मशीनं दिसायला सोयीची. पण त्यांतल्या बऱ्याच स्वस्त मशीनांत कार्बन ब्रशची मोटर असते. वेग उतरवला की तिचा जोरही उतरतो, आणि मोठ्या बिटाला जोर नेमका तेव्हाच हवा असतो. बेल्ट आणि पुलीने वेग कमी केला तर जोर उलट वाढतो. बेल्ट बदलायला दोन मिनिटं जातात, त्याची सवय होते.

मोटर इंडक्शनचीच घ्या. ३५० वॉटवर २५ मिमीपर्यंतचं काम निवांत होतं, ३५ ते ५० साठी ५०० च्या आसपास बरं. वॉटचा आकडा मोटर विजेतून किती ओढते याचा असू शकतो; शाफ्टवर मिळणारा जोर त्याहून कमी. मोठं बिट अडकलं की लोक मोटरला दोष देतात, पण झाकण उघडून पाहिलं तर पुष्कळदा बेल्ट घसरत असतो.

क्विल आणि स्पिंडल: इथे वेळ घालवा

पुढची तपासणी दुकानातच, मशीनचा प्लग काढून करायची. सोबत १० मिमी व्यासाची सरळ, घासून गुळगुळीत केलेली पोलादी सळई, छोटा गुण्या आणि साध्या छपाईच्या कागदाचे चार-पाच तुकडे न्या. ड्रिल बिट लावून तपासू नका; बिटच जरासं वाकडं असलं तर निष्पाप मशीन गुन्हेगार ठरतं.

१. क्विल पूर्ण वर असताना चक मुठीत धरून आडवा हलवा. काहीही हललं, अगदी "टक्" असा बारीक आवाज आला, तरी बेअरिंग सैल आहे. पुढे बघू नका, दुसरं मशीन मागा.

२. आता क्विल २५ मिमी खाली आणून लॉक न करता पुन्हा हलवा. इथे जाणवणारी ढिलाई क्विल आणि तिच्या घराच्या मधली. काही मशीनांत डोक्याच्या बाजूला नटासकट एक स्क्रू असतो, तो आवळून ही ढिलाई कमी करता येते. तसा स्क्रू नसेल आणि ढिलाई हाताला स्पष्ट लागत असेल तर नकार द्या. पूर्ण खाली आणल्यावर केसभर हललं तर ते सगळ्याच मशीनांत होतं.

३. सळई चकमध्ये घट्ट आवळा. टेबलावर लोखंडाचा किंवा कठीण लाकडाचा ठोकळा सळईच्या अगदी जवळ क्लॅम्प करा, चकच्या तोंडापासून २५ मिमी खाली. चक हाताने फिरवत सळई ठोकळ्याच्या सगळ्यात जवळ येते ती जागा शोधा आणि तिथे एक कागद जेमतेम सरकेल इतकी फट ठेवा. मग चक फिरवत सगळ्यात लांबच्या जागी आणा आणि फटीत आणखी किती कागद बसतात ते पाहा. नेहमीचा छपाईचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. एकही जादा कागद बसला नाही तर उत्तम. एक बसला तर लाकडाला चालतं. दोन बसले तर कारण शोधा.

४. कारण शोधायची रीत: सळई सैल करून चकमध्ये अर्धा वळसा फिरवून पुन्हा आवळा. चूक सळईबरोबर फिरली तर सळई वाकडी. चूक चकच्या त्याच जबड्याशी राहिली तर चक किंवा स्पिंडल. विक्रेता तयार असेल तर चक उतरवून स्पिंडलच्या निमुळत्या टोकावर हाच कागदाचा प्रयोग करा. टोक नीट फिरत असेल तर दोष चकचा, आणि तो बदलता येतो. टोकच डोलत असेल तर मशीन तिथेच सोडा.

५. हँडल खाली ओढून हळू सोडा. क्विल मध्ये कुठेही न अडखळता वर गेली पाहिजे. वर जाताना आळस करत असेल तर ती डावीकडच्या गोल डबीतल्या स्प्रिंगची बाब आहे. ताण वाढवता येतो. ती डबी मात्र हातात पक्कड धरून सावकाशच फिरवायची. आतली गुंडाळलेली पट्टी सुटली तर बोटं सोलवटते.

दुकानात हे करू देत नसतील तर परत घेण्याची अट कागदावर लिहून घ्या आणि घरी पहिल्याच दिवशी करा.

खांब आणि टेबल

खांबाचा व्यास मोजा. ४६ मिमीच्या आसपासचा खांब २०० मिमीच्या मशीनला कसाबसा पुरतो. ५८-६० मिमीचा असेल तर फरक हाताला कळतो. परीक्षा अशी: चकमध्ये सळई, टेबलावर लाकडाचा तुकडा, आणि सळईने त्या तुकड्यावर हँडलचा जोर टाका, एरवी भोक पाडताना टाकाल तेवढाच. गुण्या सळईला लावून बघत राहा. डोकं वर-मागे आणि टेबल खाली-पुढे जाताना फट उघडते. किंचित उघडणारच. नुसत्या डोळ्यांना ठळक दिसली तर मोठ्या बिटाचं प्रत्येक भोक तिरपं जाणार.

दोष टेबलाच्या बाजूचा असेल तर आशा असते. टेबलाला खांबाशी धरणारा कंस सैल असतो, तो आवळता येतो. मागून पुढे कललेलं टेबल कंसाखाली पातळ पत्र्याची पट्टी घालून उचलता येतं.

टेबल वर-खाली करायला दातेरी पट्टी आणि फिरवायचा दांडा आहे का पाहा. तो नसेल तर दर वेळी एका हाताने टेबल तोलत दुसऱ्या हाताने खीळ आवळावी लागते, आणि उंची बदलताना टेबल खांबाभोवती फिरतं. म्हणजे आखलेली जागा गेली. टेबलातल्या खाचा आरपार असाव्यात, म्हणजे बोल्ट आणि क्लॅम्प कुठेही लावता येतात.

खोली ठरवायची सोय दोन तऱ्हेची असते. हँडलच्या मुळाशी आकडे कोरलेली रिंग, किंवा पुढे उभा आट्यांचा दांडा आणि त्यावर दोन नट. दांड्याचीच घ्या. दोन नट एकमेकांवर आवळले की शंभर भोकं एकाच खोलीची पडतात. रिंग वीस भोकांनंतर हळूच सरकते आणि कपाटाच्या दारातून आरपार गेल्यावर कळतं.

लेझरच्या रेघांवर पैसे घालू नका. बिटाचं टोक आखलेल्या बिंदूवर टेकवणं लेझरपेक्षा अचूक आहे, आणि लेझर स्वतःच महिन्याभरात जागेवरून हलतो. दिवा असला तर छान, नसला तर चुंबकाचा दिवा डोक्याला चिकटवता येतो. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही असं बटण मात्र हवंच.

जुनं मशीन, आणि हातड्रिलचा स्टँड

तेवढ्याच पैशात जुनं, वजनदार मशीन मिळत असेल तर वरच्या पाचही पायऱ्या त्यालाही लावा. शिवाय दोन गोष्टी पाहा. मोटर थ्री-फेज असेल तर घरच्या जोडणीवर ती बदलण्याचा किंवा इन्व्हर्टर ड्राइव्ह (घरच्या सिंगल-फेज विजेवर थ्री-फेज मोटर चालवणारं उपकरण; बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे) बसवण्याचा खर्च धरा. आणि स्पिंडलच्या निमुळत्या भागावर बोट फिरवून खरचटलेलं काही लागतं का बघा. चक घसरत फिरलेला असला की तिथे ओरखडे उठतात आणि नवा चकही नीट बसत नाही. वरचा गंज, उडालेला रंग, तुटलेलं हँडल यांकडे दुर्लक्ष करा.

हातड्रिल अडकवायचा स्टँड ड्रिल प्रेसची जागा घेत नाही. पातळ पत्र्याच्या स्टँडमध्ये ड्रिलची मान डोलते आणि वेगही खाली येत नाही. जागाच नसेल, भोकं १० मिमीच्या आत असतील, तरच विचार करा, आणि ड्रिलला ४३ मिमीची गोल मान आहे का ते आधी बघा. बऱ्याच स्टँडची पकड त्या मापाची असते.

घरी आणल्यावर

सगळ्यात आधी पाया बाकाला बोल्टने आवळा. मशीनचं डोकं जड, पाया अरुंद. मोकळं ठेवलं तर लांब काम लावताच पुढे कलंडतं.

मग चक. कारखान्यातून येताना निमुळत्या टोकाला आणि चकच्या आत गंजरोधक ग्रीस असतं. ते तसंच ठेवून चक बसवला की दोन दिवसांत फिरता चक खाली येऊन पडतो. दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटच्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडे करा. जबडे चकच्या आत पूर्ण ओढून घ्या, चक टोकावर हाताने दाबा आणि खालून लाकडी हातोड्याचे दोन नेमके ठोके द्या. जबडे बाहेर ठेवून ठोकलं तर तो मार जबड्यांवर जातो.

बेल्टचा ताण: मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबला पाहिजे. जास्त ताणला तर बेअरिंग तापतं, कमी ताणला तर मोठं बिट अडतं. दोन्ही पुलींच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून त्या एका पातळीत आहेत का बघा. नसतील तर मोटर वर-खाली सरकवा. नवा बेल्ट पेटीत दुमडून राहिल्याने पहिला अर्धा तास धडधडतो. मोकळं चालू ठेवा, बरंच शांत होतं. तरीही टेबलावर उभं केलेलं नाणं पडत असेल तर बेल्ट बदला.

टेबल गुण्यात आणायला २-३ मिमी जाड तार Z सारखी वाकवा. वरचं टोक चकमध्ये धरा, खालचं टोक केंद्रापासून १०० मिमीवर टेबलाला जेमतेम टेकू द्या. चक हाताने फिरवून डावी-उजवी आणि मागची-पुढची फट कागदांनी मोजा. २०० मिमीत अर्धा मिमी फरक म्हणजे ५० मिमी खोल भोकात जेमतेम ०.१२ मिमीची तिरप. एवढी सोडून द्या. एक अंशाची चूक मात्र त्याच भोकात ०.९ मिमी होते आणि बोल्ट समोरच्या भोकात जात नाही. डावी-उजवी चूक टेबलाखालचा बोल्ट सैल करून काढा. तिथे शून्याच्या खुणेला अडकवणारी खीळ असेल तर ती उपसून ठेवा; खीळ सांगते ते शून्य क्वचितच खरं असतं.

आता वरचं टेबल. १८ मिमी प्लायचा ४५० बाय ३०० चा तुकडा, चकखाली ७५ मिमीची चौकोनी खाच, आणि त्या खाचेत बसणारे बदलता येणारे डझनभर तुकडे. भोक आरपार निघताना खालची चीर उडते ती मागे आधार नसल्यामुळे. तुकडा ताजा असेल तर उडत नाही. मागे सरळ लाकडी पट्टी आडवी लावा, तिच्या खालच्या कडेला ३ मिमीची खाच काढा. भुसा त्या खाचेत जातो, नाहीतर काम पट्टीपासून अर्धा मिमी लांब राहतं आणि सगळी भोकं एका रेषेत येत नाहीत.

काम करताना खोल भोकात दर १०-१५ मिमीवर बिट वर काढून भुसा झाडा. २५ मिमीच्या पुढचं बिट असेल तर काम क्लॅम्प केल्याशिवाय बटण दाबू नका. लांब फळीचं लांब टोक आपल्या डाव्या हाताला ठेवा: बिट अडकलं तर फळी फिरून खांबावर जाऊन थांबते. उजवीकडे ठेवली तर ती थेट पोटावर येते. हातमोजे, लोंबती बाही आणि मोकळे केस या मशीनपाशी नकोत, आणि चकची किल्ली आवळून झाली की हातातून खाली ठेवेपर्यंत तिला सोडायचं नाही.

राउटरचं (लाकडात खाचा आणि कडा कोरणाऱ्या यंत्राचं) बिट लावून आडवं कोरणं टाळा. स्पिंडल फक्त वरून येणारा दाब सोसायला बनलेला आहे. आडव्या धक्क्याने निमुळता सांधा सुटतो आणि फिरता चक, बिटासकट, मोकळा होतो. चौकोनी भोकांची पोकळ पटाशी लावायचाही मोह होतो. तिला एवढा दाब लागतो की लहान मशीनचं डोकं उचललं जातं. त्यापेक्षा फोर्स्टनरने ओळीने भोकं पाडून हातपटाशीने कडा साफ करा, वेळ फारसा जास्त लागत नाही.

दहाबारा तास काम झालं की एकदा बेल्टचा ताण, खांबाच्या तळाचे बोल्ट आणि टेबलाचा कंस पुन्हा आवळा. तारेने टेबलही त्याच वेळी तपासून घ्या, कारण नवीन मशीनमध्ये सगळं एकदा तरी सैल होऊन स्थिरावतं.